परळातली वरची रेघ

कोपरा फाडलेलं कार्ड आलं तेव्हा मी उबवणीच्या खोक्यातली अंडी फिरवत होते. धुरपदाआत्या गेली, तेरावंही उरकलं... दोनच ओळी. हातातलं अंडं खाली ठेवलं, झाकण लावलं आणि मग रडले. झाकण उघडं टाकून रडले असते तर तिनं कानाखाली दिली असती.

तिसरीतच माझी शाळा सुटली. आई वारली, वडिलांनी दुसरं लग्न केलं. नव्या आईनं दंडाला तापलेलं उलथनं लावलं, तेव्हा त्यांनी मला राणीसावरगावला आत्याकडे आणून सोडलं. आत्या विधवा, कोंबड्यांवर तिचं पोट. निजामाचं राज्य होतं. चैतात गिरदावर, म्हणजे महसुलाचा अंमलदार, मुक्कामाला आला आणि त्याच्या चपराशानं अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडीच उचलून नेली. आत्या घरात आली, लाकडी खोक्यात उबेला कंदील ठेवला, कोंबडीखालची अकरा अंडी मांडली. परळ म्हणजे मातीची पसरट थाळी. तिच्यात विळ्याच्या टोकानं रेघ ओढली आणि पाणी भरून आत ठेवली.

"पानी इथवर. वर न्हाई, खाली न्हाई. पिल्लं निघाली तर ऱ्हा. न्हाई तर जा नव्या आईकडं."

दंडावरचा फोड अजून ओला होता. बाहेर ऊन असं, की धुतलेलं लुगडं पिळेपर्यंत वाळावं. अंडी सुकून जातील या धास्तीनं आत्याची पाठ वळली की मी परळात ओंजळभर पाणी वाढवायची. दर दोन-चार दिवसांनी आत्या अंडं दाराच्या फटीतल्या उन्हात धरून आतली हवेची पोकळी कोळशानं आखायची. ती दिवसागणिक वाढायला हवी. आमची वाढेचना. एकदा आत्या माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, खूष आहे...

एकविसावा दिवस गेला, बाविसावा गेला. तेविसाव्या दिवशी तिनं अंडी माझ्यापुढं ठेवली. "फोड." नखंसुद्धा आलेली पुरी पिल्लं, पाण्यानं फुगलेली, टरफलातच बुडून मेलेली. पाचव्यानंतर मी हात मागं घेतला.

"अजून सा हायत," ती म्हणाली.

मग माझं गाठोडं उंबऱ्यावर आणून ठेवलं. मी ते काखेत मारलं, तशी तिनं परळ पुढं सरकवला. "पानी कुठवर?" मी रेघेवर बोट ठेवलं.

"ठेव गाठोडं आत."

पुढं लग्न ठरल्यावर धीर करून विचारलं, "आत्या, तुला आधीच कळलं होतं?"

"पोकळी वाढंना, तवाच."

"मग बोलली का नाहीस?"

"लय मया आलती न्हवं तुला? म्हनलं, पाज पानी."

तिनं मला ठेवून घेतलं, हात शिकवला. इथं परक्या मुलखात त्याच हातावर माझी चूल पेटते. तिचे उपकार फिटायचे नाहीत. पण अंडं उन्हाला धरलं की अजून ती फुगलेली पिल्लं दिसतात.

तो परळ तिनं मला लग्नात दिला. आत खाली तिची विळ्याची रेघ आणि बोटभर वर माझ्या पाण्याचा पांढरा डाग. लग्नाआधी मी घासायला घेतला की आत्या हिसकावून घ्यायची, म्हणून तसाच राहिला. आता ओरडणारं कुणी नाही, तरी मी तो घासलेला नाही. रोज पाणी ओतते. हात रेघेवर आपण होऊन थांबत नाही... थांबवावा लागतो.