देवाला सांगितलेला पिन

माझ्या बँकखात्याचा सगळा तपशील जत्रेच्या सकाळी अख्ख्या गावाने ऐकला, त्यात आबा गावकराचा काडीचाही दोष नाही. गावात अजून सांगतात की आबाला वयोमानाने भान राहिले नाही. आबा ऐकून घेतो आणि पान लावतो. आता मलाच ते ऐकवत नाही, म्हणून खरे काय ते लिहितो.

शेजारच्या वाडीतल्या एका निवृत्त मास्तरांशी कोणीतरी फोनवर गोड बोलले आणि त्यांचे खाते धुऊन नेले. तेव्हापासून माझी झोप उडाली. माझ्या खात्यात होते काय, तर बायकोच्या, आमच्या सुमनच्या, गुडघ्यांच्या ऑपरेशनचे पैसे, आयुष्यभर साठवलेले. मी पैसे काढायच्या यंत्रापुढे छत्री उघडून उभा राहू लागलो. (आत, छपराखाली!) रखवालदाराला वाटे, म्हातारा पावसाला फार घाबरतो.

सुमन म्हणे, "पिन माका तरी सांगून ठेवा. तुमका काय झाला तर मी खंय जाव?"

मी ताठ मानेने सांगे, "बँक म्हणता कोणाकच सांगू नको. कोणाकच म्हणजे तुकापण."

पण माझ्या एकट्याच्या राखणीवर माझाच भरवसा नव्हता. म्हणून ठरवले, जत्रेला देवापुढे गाऱ्हाणे घालायचे. आमच्याकडे गाऱ्हाणे आपण स्वतः घालत नाही. आपण आबासारख्या गावकराच्या कानाशी हळू सांगायचे, तो ते देवाला खड्या आवाजात सांगतो आणि मागची मंडळी "व्हय म्हाराजा" म्हणतात. सुमनला देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत, ती खाली पिंपळाच्या पारावर बसली. माझा मोबाइलही तिच्याच पिशवीत ठेवला. देवाशी बोलताना मध्येच कोणी चोर फोन करायला नको!

गाभाऱ्यापुढे आबाने मला आधीच बजावले, "मोघम सांगू नको हां. देवाक नीट कळाक व्हया. नायतर देवाचो राखणदार दुसऱ्याच्या दारात जावन उभो रवतलो."

ही गोष्ट मला पटली. जिल्ह्यात बँका किती, शाखा किती, माझ्या नावाची माणसे किती! देवाने कुठे कुठे शोधायचे? तेवढ्यात वीज गेली, आबापुढचा माइक मुका झाला आणि मला वाटले, ही तर देवाचीच इच्छा. मी खिशातून कार्ड काढले, डोळ्यांजवळ धरले आणि आबाच्या कानाला लागलो.

"बा देवा म्हाराजा," आबाने सुरुवात केली, "ह्या तुझ्या लेकराचा बँकेत खाता आसा, त्याची राखण कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" मागचे चार मानकरी म्हणाले.

मी खाते क्रमांक सांगितला. आबाने तो एकेक आकडा सुटा करून देवाला दिला. मग कार्डाचा नंबर. मग कार्डामागचे ते गुप्त आकडे. दर खेपेला "व्हय म्हाराजा" वाढतच चाललेले. मी डोळे मिटले होते, अंगावर काटा उभा होता. मला वाटले, आज देव प्रसन्न आहे. प्रत्यक्षात वीज परत आली होती, आणि बाहेर तोंड करून लावलेले भोंगे गोड खाजे विकणाऱ्यांपासून समुद्रावरच्या होड्यांपर्यंत माझे खाते पोचवत होते. मुंबईहून आलेले चाकरमानी मोबाइलवर चित्रीकरण करत होते.

शेवटी मी पिन सांगितला. देवापासून कसली लपवाछपवी? त्याला सगळ्या गावाने "व्हय म्हाराजा" म्हटले.

पिंपळावर एक भोंगा होता, सुमनच्या बरोबर डोक्यावर. खाते क्रमांक ऐकताच तिने पिशवीतून माझा मोबाइल काढून बँकेला फोन लावला होता. कार्ड बंद करायचे तर खातेदाराशीच बोलायला हवे, असे पलीकडची मुलगी म्हणाली. सुमनने घसा खाकरला.

"मीच बोलतोय," ती माझ्या आवाजात म्हणाली.

"सर, घसा बसलाय का?"

"जत्रा आहे."

मुलीने जन्मतारीख विचारली आणि सुमन अडली. माझ्या जन्मतारखा दोन. शाळेत मास्तरांनी लावलेली एक आणि खरी दुसरी. बँकेत कुठली दिलीय, हे मी तिला कधी सांगितलेच नव्हते. (कोणाकच म्हणजे तुकापण!) नेमके तेव्हाच वर मी आबाकरवी देवाला माझी ओळख नीट पटवून देत होतो.

"बँकेत लावलेली जन्मतारीख एक जून, म्हाराजा!" भोंगा गरजला.

"एक जून," सुमन म्हणाली.

कार्ड बंद झाले. फोन ठेवताना त्या मुलीने नियमाप्रमाणे बजावले, "सर, पिन कोणालाही सांगू नका."

"छे हो," सुमन म्हणाली, "मी तर बायकोलासुद्धा सांगितलेला नाही."

मी प्रसाद घेऊन पायऱ्या उतरलो, तर लोक माझ्याकडे बघून हात जोडत होते. काय झाले ते कळले तेव्हा मी पारावर बसकण मारली. सुमनने मोबाइल माझ्या मांडीवर ठेवला.

"कार्ड बंद केलंय. पैसे आसत सगळे," ती म्हणाली. मग पिशवी आवरता आवरता, "पिनासाठी लग्नाचा साल ध्यानात होता मगे तुमच्या? दरवर्षी विसारलंय म्हणून सांगतास तां."

मी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. कित्येक महिन्यांत इतके गोड काही लागले नव्हते.

म्हणजे माझ्या नावाने माझ्या बँकेला फसवणारी व्यक्ती शेवटी निघालीच, आणि तिनेच मला वाचवले. सुमनचे गुडघे आता ठणठणीत आहेत. यंदा ती देवळात माझ्याआधी पोचली. नवे कार्ड आले त्याचा पिन तिने ठरवला, मला सांगितलेला नाही. बँक म्हणते कोणालाच सांगायचे नाही.

आता मला पान-तंबाखूला पैसे हवे असले की मी स्वयंपाकघराच्या दारात हात जोडून उभा राहतो आणि गाऱ्हाणे घालतो. अजिबात मोघम नाही, काय हवे ते नीट सांगतो. पण आतून अजून एकदाही "व्हय म्हाराजा" आलेले नाही.