गुरं चारायला शिकवणारी माणसं

गुरं चारायला शिकवणं हा धंदा होऊ शकतो, असं मला लहानपणी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आता मोबाइल उघडला की रुंद टोपी घातलेला कुणीतरी परदेशी पशुपालक कुरणात उभा राहून सांगत असतो, गाई आज इथे सोडा, उद्या तिथे सोडा, चरलेल्या गवताला विश्रांती द्या, माती जिवंत होईल. अहो, हे तर आमचे वडील, अप्पा, करायचे. माणदेशातल्या आमच्या गावच्या गायरानाचे चार भाग होते. एका भागात गावाची गुरं, बाकीचे राखलेले, आणि पुढचा भाग कधी उघडायचा ते अप्पा ठरवायचे. सकाळी चालत जायचे, गवतातून हात फिरवायचे आणि मान हलवायचे, एवढंच. त्यांच्या मागेमागे फिरताना माझ्या परकराला कुसळं चिकटायची आणि आई बडबडत ती वेचत बसायची. त्या बडबडीची मला अजून आठवण येते.

म्हणून सैन्यातून निवृत्त झालेला माझा दादा हरियाणात सोहना गावाच्या पुढे जमीन भाड्यानं घेऊन हेच शिकवायला लागला, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"हरियाणातल्या लोकांना तू गाई शिकवणार? काहीतरीच तुझं, यार दादा."

"बिल्कुल शिकवणार," तो म्हणाला. "एकदा अप्पांना घेऊन ये."

अप्पांचं वेगळंच चाललं होतं. आई गेल्यावर मी त्यांना दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आणलं होतं. त्यांच्यासाठी एक कपाट रिकामं करून दिलं. पण कपडे पिशवीत आणि पिशवी खाटेखाली, गावाला जायला तयार. रोज चहा झाला की एकच वाक्य: "मला गावाला सोड." गावात आता होतं कोण? घराला कुलूप, गायरानावर सिमेंटची घरं. तिथे एकटे गेले तर टिकणार नाहीत याची मला धास्ती, आणि इथे खंगत चाललेले डोळ्यांसमोर दिसत होते. हिंदी येत नाही, त्यामुळे बाहेर बोलायला कुणी नाही. मी ऑफिसला गेले की दिवसभर ते आणि खिडकी. एकदा पानिपतला, मराठ्यांचं स्मारक आहे त्या काला अंबला नेलं. आम्ही सगळे स्मारकापुढे हात जोडून उभे, आणि अप्पा बागेतल्या हिरवळीकडे बघत म्हणाले, "एवढं गवत, आन् एक जनावर न्हाई."

शेवटी एका रविवारी त्यांना दादाकडे नेलं. थंडी सरत आली होती. दादाचा वर्ग चालू होता. आसपासचे शेतकरी खाटांवर बसलेले, गुडगावहून आलेली कंपनीवाली मंडळी नव्याकोऱ्या बुटांत उभी. दादानं शिट्टी वाजवली, झटका मशीनची, म्हणजे विजेच्या कुंपणाची, तार गुंडाळली आणि गाई मुकाट्यानं पुढच्या तुकड्यात गेल्या. आयुष्य पलटणीत गेलेला माणूस, तो गवतालाही ड्यूटी लावणारच. पहिल्या पावसाळ्यात त्यानं असाच वेळापत्रक लावून कारभार केला होता. गवत गाईंच्या पुढे निघून गेलं, जून होऊन आडवं पडलं, सगळं पानिपत झालं. ते तो आता स्वतःच हसत हसत सगळ्यांना सांगत होता. हे मात्र मला आवडलं.

"काय सांगतुया त्यो?" अप्पांनी मला विचारलं.

"चरलेलं गवत पुन्हा वाढल्याशिवाय गाय तिथे आणू नका, म्हणतोय."

"ह्ये सांगाया एवढी माणसं गोळा केली?"

दादानं ऐकलं. पन्नाशी उलटलेला सुभेदार, पण चेहरा एवढासा झाला. जवळ येऊन मराठीत म्हणाला, "अप्पा, तुम्ही कुणाला सांगितलं होतंत? गायरान गेलं, त्याबरोबर तुमची राखणही गेली. मी तुमचा मुलगा, मलासुद्धा ते त्या टोपीवाल्याकडून शिकावं लागलं."

आता अप्पा भडकणार, म्हणून मी मध्ये पडायला निघाले. पण ते उकिडवे बसले, मातीचं एक ढेकूळ उचलून नाकाशी नेलं. टोपीवाल्यांचा मला राग आहे, आजही आहे. कुणाच्या तरी बापजाद्यांची रीत उचलायची आणि आपणच शोध लावल्याच्या तोऱ्यात शिकवायची, हे मला पटत नाही. पण ते बोलतात तरी. अप्पांना सगळं येत होतं आणि ते त्यांच्या हातातच राहिलं. मी एवढी मागेमागे फिरले, माझ्या वाट्याला फक्त कुसळं आली.

ऊन उतरलं तशी मी गाडीचं दार उघडून उभी राहिले. अप्पा तारेपाशीच होते.

"उद्या कंचा तुकडा?" त्यांनी दादाला विचारलं.

"बाभळीकडचा."

"आधी मला बघू दे. मग वाजीव तुझी शिट्टी."

आणि गाडीकडे पाठ करून ते दादाच्या खोलीकडे चालायला लागले. मी हाक मारली नाही. एकटीच परत आले, आणि वाटेत मला रडू आलं. आनंदाचंच म्हणायचं, पण त्यात रागही होता. दिल्लीत मी त्यांच्यासाठी काय कमी केलं होतं?

पुढच्या आठवड्यात दादाचा फोन आला. "अप्पांची पिशवी पाठवून दे. भिंतीत खिळे ठोकून घेतलेत त्यांनी, कपडे टांगायला."

मी खाटेखालून पिशवी ओढली. धोतरं, बंड्या, सगळं घडी मोडू न देता तसंच पाठवलं. आता ते फोनवर गवताचं बोलतात, दादाला नावं ठेवतात, वर्गाला आलेल्यांना मोडक्या हिंदीत ओरडतात. गावाचं नाव काढत नाहीत. त्यांच्यासाठी रिकामं केलेलं कपाट माझ्याकडे अजून रिकामंच आहे.