येळवशीचा मोकळा रस्ता

नांदेडहून लातूरकडे येताना, शिरूर अनंतपाळच्या आसपास आमच्या छोट्या विमानाचं इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. शेजारी शिकाऊ पायलट बालाजी, निलंग्याचा. मी त्याची इन्स्ट्रक्टर.

इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं कोसळत नाही. स्पीड नीट धरला तर घसरगुंडीवरून यावं तसं उतरतं. त्याला ग्लाइड म्हणतात. आमच्याकडे चारेक मिनिटं होती आणि कामांचा क्रम ठरलेला होता. स्पीड. जागा. रीस्टार्ट. मेडे, म्हणजे रेडिओवरून मदतीची हाक.

बालाजीने स्पीड धरला.

"जागा?"

"ते हरभऱ्याचं रान, मॅडम."

निवड चांगली होती. रीस्टार्ट जमलं नाही. मी मेडे दिला. आणखी खाली आलो, तर रानात माणसं! पलीकडच्या रानात बघितलं, तिथंही माणसं. त्याच्या पलीकडे कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, आणि भलीमोठी पंगत. सगळे वर आमच्याकडे बघून हात हलवत होते. एकाने तर टॉवेल फिरवला.

"मॅडम, आज येळवस हाय! सगळा जिल्हा रानात जेवायलाय!"

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी इकडची गावंच्या गावं शेतात जेवतात. मी नाशिकची, मला काय ठाऊक?

"मग रस्त्यावर कोण असतं?"

"कुत्रं बी न्हाई. कर्फ्यू असतो कर्फ्यू!"

शिकवताना मी रस्ता नेहमी शेवटी ठेवते. खांब, तारा, ट्रक. पण डावीकडे नवा सिमेंट रस्ता सरळसोट पडला होता. खांब लांब होते, वाहन एकही नव्हतं.

"आय हॅव कंट्रोल," मी म्हटलं. म्हणजे आता विमान माझ्या हातात. वळले. इंधन बंद. दारं किलकिली, नंतर अडकू नयेत म्हणून. चाकं टेकली, आणि समोरून एक मोटरसायकल! चालकाने आम्हाला पाहिलं, गाडी मुरमावर घातली, गाडी आडवी टाकली आणि मागची कळशी दोन्ही हातांनी छातीशी धरली. आमचा पंख त्याच्यापासून दोन हातांवरून गेला.

थांबलो. बालाजी हसायला लागला. मग मी. पट्टा सुटेना इतकं हसू.

चालक धावत आला. "लागलं का हो बाई?"

"नाही. तुम्हाला?"

"मला काय हुतंय! आंबील सांडली न्हाई, लई झालं. घ्या, आधी घोटभर घ्या."

ताकातली ती आंबट आंबील मी कळशीच्या झाकणातून प्यायले. तोवर रानं रस्त्यावर आली. चौघं विमानाच्या राखणीला बसले, आणि एका आजींनी माझा दंड धरला. "इमानाला काय हुतंय? चल, पान वाढलंय. समद्या शेंगा-पालेभाज्यांची भज्जी हाय."

आमच्या फ्लाइंग स्कूलच्या चीफचा फोन आला. "कुठे आहात?"

"रस्त्यावर, सर. दोघं ठीक, विमान ठीक."

"मग जागेवरून हलू नका!"

"हलता येत नाही, सर. भज्जी वाढतायत."

नंतर तपासणीत इंधनाच्या नळीत कचरा निघाला. नळी बदलली. उड्डाणाआधी मी आता हवामान, इंधन आणि पंचांग तपासते. येळवशीला उड्डाण ठेवत नाही. त्या दिवशी बालाजीच्या रानात मोटारीने जाते.