बारा घरांना माईक कशाला?

मंडळी, आत्ताच पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या वाडीवरून महाडला परतलोय. डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून घरी न जाता थेट सायबर कॅफेत बसून लिहितोय.

वाडीत बारा घरं. देवळावर एक सोलर पॅनल, आत एक बॅटरी आणि तिच्यावर घरटी एक दिवा. ज्या घरात बाळंतीण असेल तिथला दिवा रात्रभर ठेवायचा, बाकीच्यांनी आपले लवकर मालवायचे, हा नियम बायकांनीच घातलाय. सध्या पार्वतीकाकूंची सून बाळंत आहे.

आज गावच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष आले. पॅनलचं उद्घाटन! पॅनल चालू होऊन सहा महिने झाले, पण साहेबांचा हार राहिला होता ना. सकाळपासून आभाळ भरलेलं, तरी त्याच बॅटरीवर माईक आणि दोन भोंगे जोडले. भाषणाचा विषय काय, तर 'वीज वाटून वापरा'. दीड तास!

शेवटी पार्वतीकाकू उठल्या, देवळात गेल्या आणि वायर उपटली.

"हॅलो, हॅलो," साहेब माईकवर टिचक्या मारत राहिले.

"बोल रे बाबा, ऐकू येतंय," काकू म्हणाल्या. "बारा घरांची तर वाडी हाय. तुझ्या भाषणापायी माझ्या नातवाला काळोखात नाय ठेवायची मी."

माईक गेल्यावर साहेबांनी भाषण दोन मिनिटांत आटोपलं.

आता मला सांगा, ती वायर काढायला म्हातारीलाच का उठावं लागलं? पुढच्या खुर्च्यांवर आम्ही पाच-सहा शिकलेले बसलो होतो की. टाळ्या वाजवत.