केरबाच्या बापाचा ओंडका

शिवाजी पेठेत केरबा आचाऱ्याला ओळखत नाही असा माणूस भेटला, तर तो नक्की परगावचा समजावा. पन्नास माणसं जेवणार असोत नाहीतर पाचशे, केरबानं मटणाचं मीठ कधी चाखून बघितलं नाही. नुसत्या वासावरून सांगायचा. जपायच्या त्याच्याकडे दोनच गोष्टी होत्या. एक दिलेला शब्द आणि दुसरा बापाच्या हातचा चिंचेचा ओंडका. गुडघाभर उंच, वर मधोमध खळगा पडलेला. बापलेकांनी त्याच्यावर चाळीस वर्षं मटण तोडलं होतं. कुणी चुकून त्याच्यावर बसलं, की केरबा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

चौऱ्याहत्तर साली तो आमच्या तालमीच्या फुटबॉलवाल्यांना भर चौकात म्हणाला, "कप आणा, भर पान्यात नेऊन रस्सा पाजतो. न्हाय पाजला तर पुन्हा चुलीला हात लावनार न्हाय."

पोरांनी कप आणला. आता सगळ्या पेठेचं लक्ष केरबाकडे.

पश्चिमेला एका धरणाच्या पाण्यात एक बेट होतं, गच्च रानाचं, आत देवीचं ठाणं. रविवारी तिथंच जायचं ठरलं. मी तालमीचा सेक्रेटरी. त्यातून शाहूपुरीतल्या हापिसात कारकून, म्हणजे अक्कल माझ्याकडेच असणार! केरबा मटण आणायला गेला होता. त्यानं आमच्या ट्रकमध्ये आपला ओंडका आणि बाभळीच्या लाकडांच्या दोन मोळ्या ठेवल्या होत्या. जंगलात जाताना लाकडं कसली न्यायची, म्हणून मी मोळ्या उतरवल्या आणि तिथं लाउडस्पीकरचा कर्णा न् बॅटरी चढवली.

धरणावर पोरांनी सामान चढवलं आणि गुंडू नावाड्याच्या नावेतून आम्ही निघालो. नावेत देवीची पुजारीण चिमणाबाईही होती, मांडीवर तेलाची बाटली घेऊन. बेट जवळ आलं तशी जांभळीची झाडं पाण्यापर्यंत वाकलेली दिसली आणि बडबडणारी पोरं नावेच्या काठाशी सरकली. इतकं सुंदर रान मी जन्मात बघितलं नव्हतं. आम्हाला उतरवून गुंडू पलीकडच्या गावची माणसं आणायला गेला, तो दिवस मावळताना येणार होता.

"लाकडं कुटं हायत?" केरबानं विचारलं. मी ऐटीत रानाकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात चिमणाबाई म्हणाली, "देवीला बोकड चालतंय, पावणं. पर हितली काटकी बी जाळायची न्हाय. वाळका पाला सुदिक न्हाय."

"मग तुम्ही निवद कशावर शिजवता?" मी विचारलं.

"घरनं लाकडं आनतो की! आज नुसतं दिव्याचं त्याल आनलंय."

तेव्हा माझी चूक लक्षात आली. वीस माणसं, पातेलंभर कच्चं मटण, आणि पायाखाली वाळलेल्या फांद्यांचा खच. आमचा कप्तान हंबीरराव म्हातारी देवळाकडे वळलेली बघून एक फांदी उचलायला लागला. केरबानं ती त्याच्या हातातून घेतली आणि होती तिथंच ठेवली.

"आपन हितं पावणं हाय. पावण्यानं घरातलं मोडायचं नसतंय."

"केरबा, लाकडं मीच ट्रकमधनं उतरवली. चूक माझी," मी म्हणालो. "सगळ्यांना तसं सांगतो. भाकरी-चटणी खाऊन जाऊ."

"लाकडं तुमी उतरीवलीसा. शब्द माजा हाय."

मग तो ओंडक्यासमोर बसला. घाई नाही, गडबड नाही. शेवटच्या तुकड्यापर्यंत सगळं मटण त्यानं त्याच्यावर तोडलं. पटक्याच्या सोग्यानं ओंडका स्वच्छ पुसला. आणि चुलीचा चर खणायला आणलेली पहार उचलली.

पहिला घाव त्यानं स्वतः घातला. मी "अरे, अरे" करत पुढं झालो, तर त्यानं नुसतं बघितलं. मी मागं सरलो. मग हंबीररावानं पहार घेतली. शेवटी ओंडका फुटला. भाकरीची बांबूची रिकामी बुट्टी पेटवून केरबानं जाळ लावला. चाळीस वर्षांची चरबी मुरलेलं ते लाकूड असं पेटलं की आम्हाला मागं सरकावं लागलं.

पहिली वाटी देवीला गेली, दुसरी चिमणाबाईला. मग पंगत बसली. तसा रस्सा मी पुन्हा कधी चाखला नाही. इतका वेळ पाण्यात डुंबत असलेला आमचा गोलकीपर पातेल्याशेजारी बसून म्हणाला, "केरबा, लाकूड कुठनं पैदा केलंस?"

"माज्या बापानं दिलं. जेव तू."

माझ्या डोळ्यांना धार लागली. तिखटाचं निमित्त बरं होतं.

त्या आठवड्यात मी सगळ्या वखारी पालथ्या घातल्या आणि चिंचेचा नवा ओंडका केरबाच्या दारात नेऊन ठेवला. त्यानं वाकून त्याचा वास घेतला, वरून हात फिरवला.

"सेक्रेटरी, ह्याला बापाच्यासारका व्हायला चाळीस वर्सं लागतील."

मी मान खाली घातली. केरबानं खाड्कन सत्तूर त्या कोऱ्या लाकडात रोवला आणि हसला.

"लागू द्यात की. मी कुटं चाललोय?"