गुलाबाची ऑक्टोबर छाटणी

माझ्या सासऱ्यांचा सगळा जन्म तासगावच्या द्राक्षबागेत गेलेला. ऑक्टोबरात बागेची छाटणी उरकून ते घरी आले, आणि हातात कात्री होतीच म्हणून त्यांनी अंगणातले माझे सगळे गुलाब कळ्यांसकट गुडघ्याएवढे करून टाकले.

"आवं मामंजी, गुलाब हायत ते, द्राक्षं न्हाईत!" मी ओरडले.

"काडी ती काडी," ते म्हणाले.

आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही. दीड महिन्यात मुठीएवढी फुलं आली, तसे ते येईल त्याला अंगणात नेऊन सांगत सुटले, "बघा, माल कसला लागलाय!"

पण हार मानेन ती मी कसली? यंदा ऑक्टोबरात साताऱ्याला माहेरी निघताना त्यांना बजावलं, "गुलाबाला हात लावायचा न्हाई." आणि मी धार लावून आणलेली कात्री गुलाबापाशीच विसरले.