पेलाभर धारोष्ण दूध

"ब्रुसेलोसिस," नागपूरचे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. इतर पेशंटना ते हा शब्द उलगडून सांगत असतील. मला त्याची गरज नव्हती. पुसदच्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. ब्रुसेला नावाचा जिवाणू गायी-शेळ्यांत राहतो, गाभडलेल्या, म्हणजे गर्भ पडलेल्या जनावराच्या वारेतून आणि कच्च्या दुधातून माणसात येतो. मग ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो आणि जिवाणू सांध्यांत, मणक्यांत ठाण मांडून बसतो. आमच्याकडे तो परीक्षेत पाच मार्कांना असतो.

"मागच्या वेळी विचारलं होतं, पुन्हा विचारतो. कच्चं दूध प्यायला होतात?"

शेजारी आई बसली होती. मागच्या वेळी मी चटकन "छे" म्हणाले होते. या वेळी म्हणाले, "हो. एक पेला."

डॉक्टरांनी मान हलवून लिहून घेतलं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र दादारावाचं अंगण उभं राहिलं आणि डोक्यात सणक गेली. आजारपणातून शहाणपण आलेल्या माणसांचे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. हा तसा नाही. मला सूड हवा होता, आणि गोळ्यांच्या बरोबरीनं त्यानंच मला उभं ठेवलं.

दादाराव हा ढाणकीकडच्या एका गावातला गोठेवाला. गावात त्याला सगळे अहो-जाहो करतात. तोंडावर मीही करते, इथे करणार नाही. त्याच्याकडे जर्सी गायी आहेत. अर्ध्या गावाला आणि ढाणकीच्या हॉटेलांना त्याचं दूध जातं. माझं संशोधन त्या भागातल्या गोठ्यांचं दूध, पाणी आणि शेणमातीतल्या रोगजंतूंवर आहे. ब्रुसेला माझ्या यादीत नव्हताच, कारण तो हाताळायला लागते ती सुरक्षित सोय आमच्या प्रयोगशाळेत नाही. मी जुलाब लावणारे जंतू शोधायला गेले होते.

बाटल्या आणि बर्फाची पेटी घेऊन पोचले तेव्हा त्याची बायको कमलाबाई धार काढत होती. दादारावानं मला खुर्ची दिली आणि तिच्याकडून फेसाळ दुधाचा स्टीलचा पेला मागवला.

"घ्या न म्याडम. आत्ताच काढलं. आमी तं लहानपणापासून असंच पेतो."

नाही म्हणायला हवं होतं. वर्गात घसा कोरडा करून हेच सांगते मी. पण माझी आजी याच पट्ट्यात शेतं निंदायला जायची, तेव्हा तिला अंगणाबाहेर बसवून ओंजळीत वरून पाणी ओतत. मला खुर्ची मिळाली होती आणि घरातला पेला. परत केला असता तर शिकलेली बाई माजली असं झालं असतं. आणि खरं सांगू? मला फार बरं वाटलं होतं. मी दूध तळापर्यंत प्यायले, वर आणखी चांगलं आहे असंही म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात ताप आला. दुपारपर्यंत मी ठीक असायची. चारचं लेक्चर संपता संपता हुडहुडी भरायची. घाम असा यायचा की आई दिवसातून तीन गाऊन धुवायची. त्या घामाला भिजलेल्या कडब्यासारखा वास होता. पुसदला विडाल टेस्ट केली. टायफॉइडसाठी रक्तात तपासतात ती ही टेस्ट, आणि ती कधी कधी भलत्याच आजारातही पॉझिटिव्ह येते. माझी आली. चौदा दिवस औषध घेतलं. ताप गेला, आठ दिवसांनी पुन्हा हजर. मग मलेरिया झाला, डेंग्यू झाला, सोनोग्राफी झाली. पुढे कंबर धरली. बाकावरून उठताना टेबलाचा आधार लागायला लागला. एमआरआय पाहून कमरेच्या सांध्याचा टीबी असावा असं एकानं सांगितलं आणि आम्ही नागपूर गाठलं.

मला शंका आली नव्हती का? आली होती, दुसऱ्याच तापाला. पण विडाल पॉझिटिव्ह आल्यावर मी तिला घट्ट धरून बसले. जंतूंच्या बाईनं कच्चं दूध प्यायलं हे कॉलेजात कळलं असतं तर स्टाफरूममध्ये वर्षभर चहाबरोबर तेच चघळलं असतं. म्हणून नागपूरच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. त्यांनी माझ्यावर विश्वास न ठेवता ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून पाहायची तपासणी, नेहमीपेक्षा जास्त दिवस ठेवायला सांगितली. त्या अविश्वासाबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

केबिनबाहेर आल्यावर आई एवढंच म्हणाली, "पेलीस तं पेलीस. डाक्टरापाशी खोटं काहून बोललीस?"

तुमच्यापैकी कुणाचा ताप असाच ये-जा करत असेल, पाठ-कंबर धरली असेल, आणि गोठ्याशी किंवा कच्च्या दुधाशी संबंध आला असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. लाज वाटली तरी सांगा. माझ्या लाजेपायी अडीच महिने गेले आणि कंबर अजून पूर्ण सरळ होत नाही.

उपचार सहा आठवड्यांचा. डॉक्सीसायक्लिन आणि रिफाम्पिसिन या दोन गोळ्या, सुरुवातीला जेंटामायसिनची इंजेक्शनं. रिफाम्पिसिननं लघवी नारिंगी होते. आईनं ती पाहून रक्तच समजलं आणि शेजारच्या बाईला बोलावून आणलं. मळमळ इतकी की फोडणीचा वास आला तरी मी बाथरूमकडे धावायची. एक मात्र झालं, दहाव्या दिवशी संध्याकाळ आली आणि हुडहुडी आली नाही. मी थर्मामीटर तीनदा लावून पाहिला.

पंधराव्या दिवशी, आई नको म्हणत असताना, तिलाच सोबत घेऊन मी दादारावाकडे गेले. भांडायला नव्हे, हे शपथेवर सांगते. त्याच्या गायी तपासायला हव्यात, घरच्यांचं रक्त तपासायला हवं, दूध उकळल्याशिवाय कुणाला देऊ नका, एवढं सांगायचं होतं. अंगणात दूध न्यायला आलेली सात-आठ माणसं उभी होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं. खुर्ची या वेळी दिली नाही.

"तुमच्या लोकाईच्या घरी कधी गाय होती काय?" तो हसत म्हणाला. "तुमाले दुधातलं काय समजते? शहरात कुठं काय खाल्लं अन् आमच्या गायीवर बिल फाडून राह्यल्या."

दोघंतिघं हसली. मी गेट धरून उभी होते, कारण आधाराशिवाय उभं राहता येत नव्हतं. आई म्हणाली, "चाल." परतीच्या वाटेवर मी ठरवलं की या माणसाला याच गावात, याच लोकांसमोर खाली बघायला लावीन.

उरलेले दिवस मी एकही गोळी चुकवली नाही. मला त्याच्यासाठी बरं व्हायचं होतं. मी त्याच्या एका गिऱ्हाइकाकडून दूध आणवलं आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे मिल्क रिंग टेस्ट करतात. दुधात रंगवलेले मेलेले जंतू मिसळून ठेवायचे. गाईला ब्रुसेला असेल तर वरच्या सायीत निळं कडं उमटतं. तासाभरानं नळीच्या गळ्याशी ते निळं कडं दिसलं आणि मी चक्क हसले. पशुवैद्यांनी गोठ्यात जाऊन गायींचं रक्त घेतलं. चार गायी बाधित निघाल्या. त्या वेगळ्या बांधायला लावल्या. ढाणकीच्या हॉटेलांनी त्याचं दूध बंद केलं. ते ऐकून मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. गावात तो सांगत फिरला की बाईनं दुधात शाई टाकली.

आणि मग एका रविवारी सकाळी तो आमच्या दारात उभा. चेहरा उतरलेला, एक हात कमरेवर. रोज संध्याकाळी ताप येतो, गावच्या डॉक्टरनं टायफॉइडच्या सुया देऊन झाल्या, फरक नाही.

"गुपचूप रक्त तपासून द्या न म्याडम. गावात मालूम नाही पडलं पाहिजे."

मी त्याला त्याच क्षणी नागपूरच्या डॉक्टरांचा पत्ता देऊ शकले असते. दिला नाही. म्हटलं, लपून काही होणार नाही. आठ दिवसांनी आरोग्य केंद्राचे लोक तुमच्या गावात रक्त तपासायला येणार आहेत. पहिल्या खुर्चीवर तुम्ही बसायचं. आठ दिवसांचा ताप मी त्याला जाणूनबुजून सोसू दिला. डॉक्टर मंडळी हे वाचून मला नावं ठेवतील, ठेवू द्या. आईनंही ठेवली. त्या रविवारी तिनं मला ताट वाढलं नाही.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. एमएस्सीच्या आधी मी दोन वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम केलं आहे, त्यामुळे आरोग्य केंद्राच्या नर्सबरोबर मीही बसले. दादाराव बाही वर करून समोर बसला. त्याच्यासाठी मी जाड सुई घेतली. बारीक होती, तरी जाड घेतली.

त्यानं हळूच विचारलं, "बरा होईन ना मी?"

मी रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "व्हाल. पण तुमच्याच गोठ्यातल्या दुधाचा रोग आहे हा, दादाराव. सांगा या लोकाईले."

बराच वेळ तो खाली बघत राहिला. मला हवं होतं ते हेच, आणि मी ते डोळे भरून पाहिलं. मग मान न उचलता तो म्हणाला, "गायी गाभडल्या होत्या. मले मालूम होतं. दूध उकळूनच पेत जा."

मला जे बोलला त्याबद्दल तो काही बोलला नाही. अजूनही बोललेला नाही.

त्याच्यामागे कमलाबाई येऊन बसली. पदर सावरून तिनं हात पुढे केला. इतक्या जवळून मी तिला पहिल्यांदाच पाहत होते.

"तीन वर्सांपासून माही पाठ दुखते, बाई," ती म्हणाली. "संध्याकाळी ताप येते. मले कोणी इचारलंच नाही."

गाय गाभडली की वार उघड्या हातांनी ओढून काढणारी तीच, मेलेलं वासरू टोपल्यात घालून नाल्यात टाकणारीही तीच. हे मी वर्गात शिकवते: सर्वांत जास्त धोका कुणाला, तर जनावर हाताळणाऱ्याला. सहा महिने मी त्या गोठ्याचाच विचार करत होते, आणि ती माझ्या मनात एकदाही आली नव्हती. मला स्वतःची चीड आली आणि दादारावाची दुप्पट आली. मी डब्यातली सगळ्यात बारीक सुई शोधली.

तिचा रिपोर्ट आम्हा तिघांत सगळ्यात वाईट आला. मणके धरले आहेत, तीन महिने औषध आहे. या खेपेस मी एक दिवसही थांबले नाही, दोघांनाही दुसऱ्याच दिवशी नागपूरला पाठवलं. आता दर शनिवारी मी फोन करते. फोन दादाराव उचलतो. मी त्याला तब्येत विचारत नाही. "कमलाबाईले द्या," म्हणते, आणि ती येईपर्यंत थांबते.